पाणलावा, नेमबाज आणि स्नायपर

लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात मी लॅपटॉप पाठीवर टाकून पुण्याहून मामांच्या गावी गेलो. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरटी एक माणूस मिलिटरीत. मामाही सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर आलेले. दिवसभर मी सोप्यात बसून कोड लिहायचो आणि रात्री जेवणं झाली की मामेभावाबरोबर स्लॅबवर जाऊन पबजी खेळायचो. तो तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळायचा.

एका रात्री तो ओरडला, "दादा, आडवा हो! झाडामागं स्नायपर हाय!"

मी आडवा झालो, तरी मेलो. तो हसला आणि शेजारी बाजेवर पडलेल्या मामांना सहज विचारलं, "पप्पा, स्नायपरला मराठीत काय म्हणतात ओ?"

मामा एरवी मिलिटरीचं काहीही विचारलं की तासभर बोलायचे. लेहची थंडी, लंगरमधली डाळ, रेल्वेच्या वॉरंटवरचा प्रवास. या प्रश्नावर मात्र ते कुशीवर वळले आणि म्हणाले, "झोपा आता. लई रात झाली."

मला वाटलं, त्यांना मराठी शब्द माहीत नसेल. मीही मनातल्या मनात शोधला. नेमबाज? निशाणबाज? कुठलाच बसेना. मग सवयीप्रमाणे इंग्रजी शब्द कुठून आला ते बघायला गेलो आणि अडकलो. इंजिनिअर लोकांची ही खोड आहे. कुणी मजेशीर कोडं समोर टाकलं की हातातलं काम सुटतं. यालाही इंग्रजीत 'नर्ड स्नायपिंग' म्हणतात, एक्सकेसीडी नावाच्या कॉमिकमधून आलेला शब्द आहे तो. थोडक्यात, स्नायपर या शब्दानेच मला टिपलं. पुढची काही वर्षं मी तो शब्द अधूनमधून उकरत राहिलो. त्यात जे सापडलं ते इथे मांडतो.

०

सुरुवात गेमपासूनच करू, कारण तुमच्यातल्या अनेकांनी तीच बाराखडी गिरवलेली आहे. गेममध्ये लांबून मारायच्या बंदुकांचे दोन गट असतात. एडब्ल्यूएम आणि कार-९८के या 'स्नायपर रायफल'. एसकेएस, मिनी-१४ वगैरे 'डीएमआर'. डीएमआर म्हणजे डेझिग्नेटेड मार्क्समन रायफल. मला ही विभागणी गेमवाल्यांनी काढलेली वाटायची, पण ती खऱ्या सैन्यातली आहे. मार्क्समन हा तुकडीतलाच एक जवान. तो इतरांबरोबर चालतो, इतरांबरोबर लढतो, फक्त त्याचा नेम जास्त लांबवर लागतो. स्नायपर तुकडीपासून वेगळा होतो. बहुतेकदा त्याच्याबरोबर दुर्बीण घेतलेला एक जोडीदार असतो. दोघं तासन् तास लपून राहतात, बघतात, नोंदी करतात आणि क्वचित गोळी झाडतात.

नेम दोघांचाही चांगलाच. मग शब्द दोन का? दोन नाही, खरं तर तीन. मार्क्समन, शार्पशूटर आणि स्नायपर. शब्दकोशात तिन्हींच्या पुढे जवळपास एकच अर्थ दिलेला असतो. पण तिघांच्या जन्मकथा वेगळ्या आहेत.

मार्क्समन सगळ्यात जुना. सतराव्या शतकात इंग्रजीत रुळलेला. 'मार्क' म्हणजे खूण, म्हणजे ज्यावर नेम धरायचा ते लक्ष्य. या शब्दात माणूस मारण्याचा विचारच नाही. समोर फळी आहे, फळीवर ठिपका आहे, तो फोडायचा. आपल्याकडचा 'निशाण'ही असाच. फारसीत निशाण म्हणजे खूण. त्यातून निशाणा आला, निशाणी आली आणि मराठीत झेंड्यालाही निशाण म्हणायला लागले. छावणीत गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाला 'चांदमारी' म्हणतात, तोही त्याच कुळातला. चांद म्हणजे सरावाचं गोल लक्ष्य. चंद्राला मारायचं, माणसाला नव्हे.

या निमित्ताने आपल्या भाषेतलं शस्त्रांचं कोठार उघडलं तर गंमत दिसते. तीर फेकणारा तो तिरंदाज. गोळे फेकणारा, म्हणजे तोफेवरचा, तो गोलंदाज. बंदूक आली तेव्हा तिच्या ठिणगीला आणि आवाजाला बघून फारसीने बंदूकवाल्याला नाव दिलं बरकंदाज, वीज फेकणारा. हे 'अंदाज' म्हणजे फेकणं. आपण एरवी जो अंदाज बांधतो तोही त्याच घराण्यातला शब्द आहे. दर स्प्रिंटच्या सुरुवातीला आम्ही कामाला किती दिवस लागतील ते सांगतो तेव्हा हे नातं मला अगदी पटतं. पुढे तोफा गेल्या, गोलंदाज बेकार झाला आणि क्रिकेटमध्ये नोकरीला लागला. आज एकाही मराठी मुलाला गोलंदाज म्हटल्यावर तोफ आठवत नाही.

नेमबाज या शब्दात फारसी आहे ते फक्त 'बाज'. 'नेम' हा 'नियम'चाच घासून गुळगुळीत झालेला मराठी अवतार. म्हणून नेमाने वारी करणारा आणि नेम धरणारा हे दोघं भाषेच्या दृष्टीने भाऊभाऊ. नेम लागणं म्हणजे गोष्ट ठरल्या नियमाप्रमाणे होणं. आणि पावसाचा मात्र नेम नसतो.

बंदुकीचा नेम आपल्याकडे नवा नव्हता. शिवाजी महाराजांच्या पायदळात मावळ्यांबरोबर कोकणातले हेटकरी होते. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने मावळ्यांची तलवार आणि हेटकऱ्यांची बंदूक यांची वेगवेगळी नोंद घेतली आहे. तोड्याच्या बंदुकीने ते अचूक मारायचे. पण हेटकरी हे नाव प्रदेशावरून आलेलं आहे, नेमावरून नव्हे. एकेकट्या माणसाला लपून मारणाऱ्यासाठी वेगळं नाव काढावं अशी गरज आपल्या भाषेला वाटली नसावी.

०

शार्पशूटरबद्दल इंटरनेटवर एक गोष्ट हमखास सापडते. अमेरिकेत ख्रिश्चन शार्प्स नावाच्या माणसाने रायफल बनवली, यादवी युद्धात ती वापरणारे सैनिक ते 'शार्प्स-शूटर', म्हणून शार्पशूटर. मीही ही गोष्ट दोनतीन मित्रांना ऐकवली होती. मग तारखा तपासल्या. शार्प्सच्या रायफलचं पेटंट १८४८ चं. त्याचा जन्म १८१० चा. आणि 'शार्प शूटर' हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रात १८०१ मध्येच छापलेला आहे. कोड लिहिणारा जन्मायच्या आधी त्याची कमिट झालेली असेल तर गडबड कथेत आहे, तारखेत नाही. शब्द खरं तर जर्मन 'शार्फशुत्झं'चं सरळ भाषांतर आहे. जर्मन प्रदेशांत शिकारी आणि वनरक्षकांच्या तुकड्या असायच्या, नळीच्या आत पीळ असलेली रायफल चालवायच्या. इंग्रजांनी त्यांच्याकडून पद्धतही घेतली आणि नावही.

हा शब्द मानाचा होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ साली हायरम बर्डन याने 'शार्पशूटर्स'च्या दोन रेजिमेंट उभ्या केल्या. भरतीची परीक्षा अशी की २०० यार्डांवरून सलग १० गोळ्या १० इंचांच्या वर्तुळात. बाकीचं सैन्य निळ्या गणवेशात, हे हिरव्या. अमेरिकी सैन्यात आजही नेमबाजीच्या परीक्षेला तीन बिल्ले आहेत. सगळ्यात खालचा मार्क्समन, मधला शार्पशूटर, वरचा एक्स्पर्ट. गेममध्ये स्वतःला मार्क्समन म्हणवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि हाच शब्द मुंबईत उतरला तेव्हा काय झालं? वर्तमानपत्र उघडा. 'अमुक टोळीचा शार्पशूटर जेरबंद.' आपल्याकडे शार्पशूटर म्हणजे सुपारी घेऊन मारणारा. अनेकदा तो दुचाकीवरून येऊन दोन हातांच्या अंतरावरून पिस्तूल चालवतो. त्यात नेमाचा प्रश्नच नसतो. पण शब्द चिकटला तो चिकटला. तिकडे जो छातीवरचा बिल्ला, तो इकडे आरोपपत्रातलं विशेषण.

०

आता स्नायपर. हा शब्द तिघांत सगळ्यात भीतिदायक आणि तो एका पक्ष्यापासून आला आहे.

स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. पाणथळ जागा, भातखाचरं, तलावाचे चिखलट काठ इथे राहतो. लांब सरळ चोच चिखलात खुपसून किडे काढतो. अंगावर तपकिरी, काळे, पिवळट पट्टे असे की वाळक्या गवतात तो समोर असूनही दिसत नाही. तुमचा पाय त्याच्यावर पडायची वेळ येते तेव्हा तो एकदम उडतो आणि सरळ न जाता डावीकडे-उजवीकडे झोकांड्या खात निघून जातो. असा पक्षी हवेत मारणं अवघड. म्हणून इंग्रज शिकाऱ्यांत त्याची शिकार प्रतिष्ठेची होती.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडी 'स्नायपिंगला जाणं' रुळलं. थंडीतली सकाळ, भातखाचरं आणि पाणलावे. त्याच सुमारास या क्रियापदाला दुसरा अर्थ फुटला. रांगेत उभं राहून एकदम बार काढण्याऐवजी आडोशाने एकेकट्या माणसावर गोळी झाडणं. १८२४ पर्यंत 'स्नायपर' हे नामही इंग्रजीत आलेलं दिसतं.

सगळीकडे याचं स्पष्टीकरण असं मिळतं की पाणलावा मारणं अवघड, म्हणून तो मारू शकणारा तो स्नायपर, म्हणजे पट्टीचा नेमबाज. ऐकायला छान आहे. पण थोडा विचार केला की हे नीट जुळत नाही. पाणलाव्यावर छऱ्यांची बंदूक चालवतात. अंतर जेमतेम तीस-चाळीस पावलं. पक्षी उडता, शिकारी उघड्यावर चालत असलेला. स्नायपरचं सगळं उलट. एकच गोळी, लांबचं अंतर, बहुतेकदा स्थिर लक्ष्य आणि स्वतः लपलेला. दोन्हींतलं कौशल्य वेगळं आहे.

मग शब्द का चिकटला? मला दिसतं ते असं. मार्क्समनच्या समोर खूण असते. स्नायपरच्या समोर पाखरू असतं. या शब्दात समोरचा माणूस शिकार झालेला आहे. सकाळी पाखरं मारून दुपारी जेवायला परतणाऱ्या साहेबांच्या गप्पांतून तो आला आणि माणसाला लागू झाला. अवघड नेमाचं कौतुक त्यात असेलही, पण मुळात ती थट्टा आहे. आणि पुढे आणखी एक उलटापालट झाली. शिकाऱ्याचं नाव ज्याला मिळालं तो माणूस हळूहळू पाणलाव्यासारखा वागायला लागला. गवतात दबून राहणारा, गवताच्याच रंगाचा, पाय पडेपर्यंत न दिसणारा. आज स्नायपर अंगावर चिंध्या आणि गवत लावलेला जो वेश घालतो, त्याला गिली सूट म्हणतात. स्कॉटलंडच्या डोंगरातले शिकारीचे वाटाडे ते गिली. तो सूट आणि पाणलाव्याची पिसं यांचे फोटो शेजारी ठेवून बघा.

०

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द वायव्य सरहद्दीवर फार वापरला गेला. १८९७ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदी टोळ्या रात्री डोंगरावरून ब्रिटिशांच्या तळावर एकेक गोळी झाडायच्या. इंग्रजी बातम्यांत ते झाले 'स्नायपर'. स्वतःच्या खोऱ्यात शिरलेल्या फौजेवर गोळी झाडणारा तो स्नायपर. तेच काम आपल्या माणसाने केलं तर? दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी १९०० साली स्कॉटलंडच्या गिलींची जी पलटण उभी राहिली तिचं नाव लोव्हॅट स्काउट्स. पहिल्या महायुद्धात त्यांच्या निवडक तुकड्या फ्रान्सला पाठवल्या, तेव्हा कागदोपत्री नाव लिहिलं 'शार्पशूटर्स'. आपला तो शार्पशूटर, त्यांचा तो स्नायपर.

ही सोवळ्याची रेघ पुसली गेली ती त्याच युद्धात, आणि पुसणाऱ्यांतलं ठळक नाव हेस्केथ-प्रिचर्ड यांचं. या गृहस्थाचा जन्म १८७६ साली आपल्या झाशीत झाला. वडील सैन्यात होते आणि मुलगा जन्मायच्या आधीच टायफॉइडने गेले. मुलगा मोठा होऊन शिकारी झाला, लेखक झाला आणि हॅम्पशायरकडून क्रिकेट खेळला. वेगवान गोलंदाज होता! तोफेवरून क्रिकेटमध्ये आलेला आपला शब्द या माणसाला दोन्ही अर्थांनी जवळचा.

१९१५ मध्ये तो फ्रान्सला पोचला तेव्हा खंदकांत जर्मनांचा वरचष्मा होता. त्यांच्याकडे दुर्बिणी लावलेल्या रायफली होत्या, इंग्रजांकडे त्या फार थोड्या. खंदकाच्या काठावर डोकं दिसलं की गेलं. प्रिचर्डने हा प्रश्न एखाद्या इंजिनिअरने घ्यावा तसा घेतला. गोळी आली कुठून हे कळत नाही ना? मग कागदाच्या लगद्याची माणसाची मुंडकी बनवून घेतली. मुंडकं काठीवर लावायचं, काठी खाचेत बसवायची आणि ते हळूच वर सरकवायचं. काही मुंडक्यांच्या तोंडात रबरी नळीने ओढता येणारी पेटती सिगारेटसुद्धा असायची. समोरच्याने गोळी मारली की मुंडक्याला पुढे एक आणि मागे एक भोक पडायचं. मग ते खाली घेऊन पुढच्या भोकाच्या जागी पेरिस्कोपचं तोंड येईल असा पेरिस्कोप लावायचा आणि दोन्ही भोकांच्या रेषेत बघायचं. रेषेच्या दुसऱ्या टोकाला तो असायचा. डीबगिंगचं इतकं स्वच्छ उदाहरण मी कुठल्याही कोर्समध्ये बघितलेलं नाही.

१९१६ मध्ये त्याने जी शाळा काढली तिच्या नावातच स्नायपिंग हा शब्द होता. त्याचं पुस्तक १९२० साली आलं, 'स्नायपिंग इन फ्रान्स'. साहेबांच्या गप्पांतली थट्टा आता अभ्यासक्रम झाली.

रायफलवर दुर्बीण आली आणि आणखी एक गोष्ट बदलली. श्रावणबाळाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दशरथाला शब्दवेधी बाण मारता यायचा. त्याने पाण्यात बुडबुडणाऱ्या घड्याचा आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला आणि बाण मुलाला लागला. न दिसणारं लक्ष्य मारण्याच्या कौशल्याची ती गोष्ट आहे, आणि त्या कौशल्याची किंमतही तीच सांगते. दशरथाला निदान दिसलं नव्हतं. दुर्बिणीतून बघणाऱ्याला दिसतं. समोरचा दाढी करतोय, डबा उघडतोय, पत्र वाचतोय.

या दिसण्याने कधीतरी गोळी थांबतेही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७७ साली ब्रँडीवाइनच्या लढाईत पॅट्रिक फर्ग्युसन हा इंग्रज अधिकारी स्वतः बनवलेली रायफल घेऊन झाडीत लपला होता. एक अमेरिकी अधिकारी घोड्यावरून त्याच्या टप्प्यात आला. फर्ग्युसनने त्याला थांबायला सांगितलं. तो शांतपणे वळला आणि निघून गेला. फर्ग्युसनने पुढे पत्रात लिहिलं की आपलं काम करत असलेल्या माणसाच्या पाठीत गोळी घालणं त्याला बरं वाटलं नाही, म्हणून त्याने सोडून दिलं. तो स्वार जॉर्ज वॉशिंग्टन होता असं पुष्कळजण सांगतात. त्याची खात्री कुणालाच देता येत नाही. मला वाटतं त्याने फरकही पडत नाही. तो कुणी साधा कॅप्टन असता तरी गोष्ट तेवढीच मोठी आहे.

०

शब्द पुढे फिरत राहिला. रशियन भाषेने तो इंग्रजीतून उचलला, 'स्नायपेर', आणि तिथे तो पूर्णपणे आपल्या माणसाचा, मानाचा झाला. ल्युडमिला पावलिचेंको ही कीव्हमध्ये इतिहास शिकत असलेली मुलगी. दुसऱ्या महायुद्धात तिच्या नावावर ३०९ जणांची नोंद झाली. १९४२ मध्ये तिला अमेरिकेला पाठवलं, तर तिथल्या पत्रकारांनी तिला लिपस्टिक लावता का आणि गणवेशाचा स्कर्ट इतका लांब का, असे प्रश्न विचारले. अलीकडे 'अमेरिकन स्नायपर' नावाचं पुस्तक आलं आणि त्यावर २०१४ मध्ये सिनेमाही झाला. ज्या इंग्रजीत तो शब्द शत्रूला लावत, तिच्यात तो आता अभिमानाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बसला.

पण त्या दोन्हींच्या मधे सारायेव्हो आहे. १९९२ ते १९९६ त्या शहराला वेढा पडलेला होता. भोवतालच्या उंच जागांवरून आणि इमारतींतून लोकांवर गोळ्या झाडल्या जायच्या. पाणी आणायला निघालेली बाई, कामावर निघालेला माणूस, कुणीही. चौकाचौकांत लोकांनी पाट्या लावल्या होत्या, 'पाझी, स्नायपेर!' म्हणजे सावधान, स्नायपर. शहराच्या मुख्य रस्त्याला परदेशी पत्रकार स्नायपर गल्ली म्हणायचे. भातखाचरातल्या पाखरावरून निघालेला शब्द दोनशे वर्षांनी रस्ता ओलांडणाऱ्या लोकांसाठी पुठ्ठ्यावर रंगवावा लागला. त्या पाटीत नेमाच्या कौतुकाचा लवलेशही नाही. शब्दाचा खरा अर्थ विचारायचा तर तो दुर्बिणीच्या मागे बसलेल्याला नको, दुर्बिणीच्या समोरून जाणाऱ्याला विचारावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

०

गेल्या दिवाळीत मी हे सगळं मामांना सांगत होतो. पाणलावा, झाशी, कागदाची मुंडकी. मामेभाऊ आता अठराचा आहे. पहाटे साडेचारला उठून भरतीसाठी पळतो. त्याला स्नायपर व्हायचंय. तोही ऐकत होता. मुंडक्यांचा भाग आला तेव्हा मामा पहिल्यांदा बोलले.

"आमच्या पोस्टवर एक फट हुती. दोन मोर्च्यांच्या मधी, हातभर. तितनं वाकून जायचं. नवीन पोरगं आलं की पयलं ते शिकवायचं, बाकीची ड्युटी मागनं."

२००३ ची शस्त्रसंधी व्हायच्या आधीची गोष्ट. एक पोरगा चहाची किटली घेऊन त्या फटीतून वाकून गेला. तो वाकला, पण चहा सांडू नये म्हणून किटली वर धरली. गोळी किटलीतून आरपार गेली. सगळे पोट धरून हसले. भोक पडलेली किटली दिवसभर एकमेकांना दाखवत होते.

"हसायला नको हुतं," मामा म्हणाले. "त्यो सांगत हुता, मी हितं हाय म्हनून. चार दिसांनी तितंच."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

थोड्या वेळाने मीच विचारलं, "आपल्याकडे होता का कुणी तसा?"

"हुता की. लातूरकडचा. लई शांत मानूस. त्याला आम्ही स्नायपर न्हाई म्हनायचो. आमचा त्यो नेमबाज. पलीकडचा त्यो स्नायपर."

मी पाच वर्षं कागदोपत्री जे शोधत होतो ते मामांना एका वाक्यात माहीत होतं. त्या रात्री स्लॅबवर ते का वळून झोपले, तेही मला उशिरा कळलं.

०

मराठीने या कामाची वाटणी कशी केली आहे बघा. नेमबाज हा शब्द आपण स्वच्छ ठेवला. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, हे नेमबाज. त्या ५० मीटरवरच्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे समोर फक्त खूण आहे. टोळीतल्या खुनासाठी आपण शार्पशूटर उसना घेतला आणि सीमेवरच्या न दिसणाऱ्या माणसासाठी स्नायपर.

मग स्नायपरला मराठीत शब्दच नाही का? नाम नाही. क्रियापद मात्र आहे आणि ते अगदी नेमकं आहे. टिपणं. 'दोघा अतिरेक्यांना टिपलं' असं आपण बातमीत वाचतो. तेच टिपणं चिमणीचं, दाणे टिपणारं. डोळे टिपायचे तेही तेच, आणि वहीत टिपण काढायचं तेही. पसाऱ्यातून एक बारीकशी गोष्ट अलगद उचलून घेणं एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत मरणारा पाखरू झाला. मराठीत मारणारा पाखरू होतो आणि समोरचा माणूस दाणा. कुठल्याही भाषेत त्या दुसऱ्या जागेवर माणूस माणूस म्हणून उरलेला नाही.

या हिवाळ्यात मी मामेभावाला घेऊन भिगवणला गेलो होतो. उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो बघायला गर्दी होती. आम्ही नाववाल्या काकांना पाणलावा दाखवा म्हणालो. त्यांनी काठावरच्या गवताकडे बोट केलं. पाच मिनिटं आम्हाला चिखलाशिवाय काही दिसलं नाही. मग चिखलाने डोळा मिटला. मामेभावाने मोबाइल उचलला तेवढ्यात पक्षी उडाला, डावीकडे, उजवीकडे, आणि गेला.

परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, त्या लातूरच्या माणसाचं पुढं काय झालं, पप्पांना विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. त्याला म्हटलं, तू विचार. भरतीला जायच्या आधी विचार.